मेंढीकोटचा खरा नियम कोणता आणि अकरा माणसांत काय खेळायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दिवाळीत सासर-माहेर मिळून ११ माणसं एकत्र येणार, सगळ्यात लहान ८ वर्षांची पुतणी आणि सगळ्यात मोठे ७६ वर्षांचे सासरे. दरवर्षी पत्त्यांच्या मेंढीकोटला बसलं की पहिल्याच डावाला वाद, सासरे म्हणतात हुकूम, म्हणजे बाकी रंगांना कापणारा रंग, कट करूनच ठरतो, तुमचे वडील म्हणतात बंद हुकूम हाच खरा मेंढीकोट. तर खरा नियम कोणता, अकरा जणांत काय काय खेळता येईल, आणि न्यू जर्सीच्या भावाला व्हिडिओवरून कसं सामील करून घ्यायचं.

मी गेली २४ वर्षं आमच्या इथल्या वाचनालयात दर शनिवारी खेळांचा अड्डा चालवते. सुट्टीत मुलांचा, एरवी सगळ्या वयाचा. मिरज, चिपळूण, अमरावती, बडोदा, इंदूर, जिथून जिथून माणसं आली त्यांच्या घरचे नियम मी वहीत लिहून ठेवलेत आणि आता त्या तीन वह्या झाल्यात. त्या वह्यांवरून सांगते की मेंढीकोटचा एक असा खरा नियम नाहीच. हा खेळ कुठल्या संस्थेने बसवलेला नाही, घराघरात बसलेला आहे, त्यामुळे तुमचे सासरेही बरोबर आणि वडीलही बरोबर. पण म्हणून कुठलाही नियम चालतो असं मात्र नाही हं! प्रत्येक नियम खेळात काहीतरी काम करत असतो, तो बदलला की खेळाची चाल बदलते, आणि ते काम काय आहे हे कळलं की भांडण आपोआप निम्मं होतं.

आधी दोघांना मान्य असलेला भाग. चार जण, समोरासमोरचे भिडू, ५२ पानं, आधी पाच मग चार मग चार अशी वाटून प्रत्येकाला १३. खेळ सगळा चार दश्श्यांचा, म्हणजे दहाच्या पानांचा, त्याच मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन किंवा चार दश्श्या त्यांनी डाव जिंकला, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात किंवा जास्त हात (चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात) ते जिंकले, चारही आल्या की कोट, आणि तेराच्या तेरा हात केले तर बावन्न पानी कोट. इथपर्यंत कोणाचं भांडण नसतं.

आता सासऱ्यांची पद्धत. सुरुवातीला हुकूम नसतोच. उतारी, म्हणजे हाताचं पहिलं पान टाकणं, होत राहते, आणि ज्याच्याकडे उतारीचा रंग संपलाय असा पहिला माणूस जे पान टाकेल त्याच्या रंगाचा हुकूम झाला. याने काय होतं बघा. हुकमाची सत्ता मिळते ती ज्याचा रंग आधी तुटतो, म्हणजे संपतो, त्याला, म्हणून शहाणा खेळाडू आपल्या लांब रंगाची उतारी सुरुवातीला करत नाही. तुमच्याकडे सहा बदाम असतील तर बाकी तिघांत मिळून सातच बदाम आहेत, दोन-तीन उताऱ्यांत कोणीतरी तुटणार, आणि तो समोरच्या जोडीतला निघाला तर तुम्हीच त्याच्या हातात हुकूम दिला असं झालं. त्यामुळे लोक आपला आखूड रंग आधी संपवायच्या मागे असतात, दोन पानांचा रंग असेल तर तोच उतरायचा आणि स्वतः तुटायचं. पहिल्या तीन-चार हातांतच डावाचं भवितव्य ठरतं, खेळ वेगात चालतो, नवशिक्याला सोपा जातो कारण लपवलेलं काही नसतं.

वडिलांची पद्धत अगदी वेगळी. वाटणाऱ्याच्या शेजारचा एक जण आपल्या हातातलं एक पान उपडं ठेवतो, तोच हुकूम, आणि तो कोणता हे फक्त त्यालाच माहीत, त्याच्या भिडूलासुद्धा नाही. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही तो म्हणू शकतो की हुकूम उघडा. इथे 'शकतो' हा शब्द महत्त्वाचा आहे, तो उघडायला न सांगता एखादं फालतू पान टाकूनही हात सोडू शकतो. कट हुकमात तुटलेल्या माणसाला पर्यायच नसतो, त्याने पान टाकलं की हुकूम झाला. बंद हुकमात त्याला विचार करावा लागतो की हुकूम ठेवणाऱ्याने आत्तापर्यंत कोणत्या रंगाची पानं जपून वापरली, कोणता रंग तो उतरतच नाहीये, आत्ता उघडलं तर फायदा माझा की त्याचा. म्हणजे हा अंदाजाचा खेळ झाला, माणूस ओळखायचा खेळ. मला स्वतःला चौघंही मुरलेले असतील तर बंद हुकूमच आवडतो, पण आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बसायचं असेल तर कट, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिसरी पद्धतही आहे, पहिली पाच पानं वाटली की एकाने ती बघून हुकूम बोलायचा आणि मग उरलेली वाटायची. माझ्या वहीत ही पद्धत खूप घरांची आहे, पण तुमच्या दोघांपैकी कोणी तिचं नाव काढलेलं नाही, तर ती बाजूला ठेवू.

खरी भांडणं मोठ्या नियमावरून कमी आणि छोट्यांवरून जास्त होतात हा माझा अनुभव. बंद हुकमात उघडायला सांगितलं, आता सांगणाऱ्याने हातात हुकूम असेल तर तो मारलाच पाहिजे का? माझं मत विचाराल तर हो, मारलाच पाहिजे, कारण नाहीतर लोक नुसती माहिती काढायला हुकूम उघडायला लावतात आणि ठेवणाऱ्याची सगळी मेहनत फुकट जाते. ठेवणाराच तुटला तर? तो स्वतःचा हुकूम उघडून मारू शकतो, हे बहुतेक घरांत चालतं. रंग असून चुकून दुसरं पान टाकलं तर? हात उचलायच्या आत सांगितलं तर पान परत, नंतर पकडलं तर तो डाव समोरच्यांचा, आणि आठ वर्षांच्या मुलीला पहिले दोन दिवस माफी. पुढचं वाटप कोणाचं? जुन्या पद्धतीत वाटणाऱ्याची जोडी हरली की परत त्यालाच वाटायला लागतं, आणि तेराही हात गेले की वाटप त्याच्या भिडूच्या गळ्यात, म्हणजे पिसायला लागणं हीच शिक्षा. गुण-बिण लिहायची गरज नाही, कोण सारखं पिसतंय ते सगळ्या घराला दिसतं. ही पद्धत मला फार आवडते आणि ती मोडू नये असं मनापासून वाटतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण तुमच्याकडे माणसं जास्त आहेत आणि सहा जणांचा मेंढीकोट खेळायचा मोह होणारच. चारही दुर्र्या काढून टाकायच्या, ४८ पानं, सहा जणांना आठ-आठ, तीन-तीनच्या दोन टोळ्या, एकाआड एक बसायचं. छान होतो खेळ. पण चौघांच्या डावात हात १३ असतात, विषम, म्हणून दश्श्या दोन-दोन झाल्या तरी हातांवर निकाल लागतोच. सहा जणांत हात होतात आठ. दश्श्या दोन-दोन आणि हात चार-चार, मग कोण जिंकलं? आमच्याकडे याच्यावरून दोन ज्येष्ठ मंडळींनी तीन शनिवार एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आणि दोघंही आपापल्या घरच्या नियमाने बरोबर होते, एकाकडे असा डाव रद्द धरायचे आणि दुसऱ्याकडे शेवटचा हात ज्याचा तो डाव त्याचा. मला अजून वाईट वाटतं, कारण मी वाटायच्या आधी विचारलं असतं तर ते झालंच नसतं. तेव्हापासून आमच्याकडे पानं पिसता पिसता हे बोलून घेतात. माझी शिफारस शेवटचा हात, कारण मग शेवटपर्यंत एखादं मोठं पान राखून ठेवायला कारण मिळतं आणि डाव शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहतो.

आणि हो, शब्दांचाही घोळ असतो. आपण हुकूम म्हणतो ते कापणाऱ्या रंगाला आणि काळ्या पानाला म्हणतो इस्पिक, पण हिंदीत हुकूम म्हणजेच इस्पिक. इंदूरच्या एक काकू आमच्याकडे नवीन आल्या तेव्हा 'माझ्याकडे हुकमाची राणी होती ना' म्हणून त्या बिचाऱ्या इस्पिकच्या राणीने बदामाचा हात उचलायला लागल्या, आणि खरा हुकूम होता किलवर. तुमच्या सासर-माहेरात कोणी मध्य प्रदेशाकडचं असेल तर हे आधी विचारून घ्या.

मग तुमच्या दोघांचं काय करायचं? एका संध्याकाळी पाच डाव कट, पाच डाव बंद. दोघांना भिडू करा, समोरासमोर बसवू नका म्हणत नाही मी, समोरासमोरच बसवा पण एकाच जोडीत. एकमेकांच्या पद्धतीत एकमेकांना सांभाळून घ्यायला लागलं की वाद घालायला उसंत राहत नाही.

आता अकरा माणसं. अकरा जणांचा एक गोल करायचा हट्ट सोडा, चार जणांचा मेंढीकोट आणि सात जणांचं जजमेंट असे दोन गट करा आणि अर्ध्या-पाऊण तासाने माणसं बदला. सात जणांना प्रत्येकी सात पानं वाटता येतात, ४९ झाली, तीन उरतात. पहिल्या फेरीला सात पानं, मग सहा, पाच, असं एकापर्यंत खाली जायचं आणि हवं तर परत वर यायचं. प्रत्येक फेरीत आधी बोलायचं मी किती हात करणार, आणि बरोबर तितकेच झाले तर १० अधिक बोललेले हात इतके गुण, एक कमी किंवा एक जास्त झाला तरी शून्य. हुकूम दर फेरीला बदलतो, इस्पिक, चौकट, किलवर, बदाम या क्रमाने. गुजरातीत याच खेळाला काचुफूल म्हणतात ते याच क्रमावरून, काळी, चोकट, फुल्ली, लाल. बडोद्याची मंडळी असतील तर त्यांना हे नाव सांगा, लगेच खुलतात.

जजमेंटमध्ये एक नियम आहे तो अजिबात सोडू नका. सगळ्यात शेवटी बोलणाऱ्याला असा आकडा बोलता येत नाही की सगळ्यांची बेरीज एकूण हातांइतकी होईल. सात पानांच्या फेरीत आधीच्या सहा जणांनी मिळून पाच बोलले असतील तर शेवटच्याला दोन बोलायची बंदी. पुष्कळ घरांत हा नियम कठोर वाटतो म्हणून काढून टाकतात आणि मग म्हणतात जजमेंट कंटाळवाणं आहे. अहो, तो नियमच खेळाचा जीव आहे! त्याच्यामुळे दर फेरीत निदान एक जण तरी चुकणारच हे नक्की होतं, कोणाचा हात कोणाला तरी नकोसा होतो नाहीतर कोणाला तरी हवा असून मिळत नाही, आणि म्हणून प्रत्येक हाताला ओढाताण होते. फक्त हा बोजा दर वेळी एकाच माणसावर येऊ नये म्हणून वाटप फिरतं ठेवा. शून्य बोलणाऱ्याला किती गुण द्यायचे यावरही मतं आहेत, मी सरसकट १० देते पण एक-दोन पानांच्या फेरीत ५, कारण एका पानात शून्य बोलणं फार सोपं आणि सात पानांत शून्य राखणं खरंच कसबाचं.

पुतणीला आधी झब्बू शिकवा. इस्पिकचा एक्का ज्याच्याकडे तो सुरू करतो, सगळ्यांनी रंग दिला तर ती पानं बाद आणि मोठं पान ज्याचं त्याची उतारी, पण कोणाकडे रंग नसला की तो कोणतंही पान टाकून झब्बू देतो, हात तिथेच थांबतो आणि उतारीच्या रंगातलं सगळ्यात मोठं पान ज्याचं त्याला अख्खा ढीग उचलायला लागतो. शेवटी ज्याच्या हातात पानं राहतात तो हरला. पहिल्या हाताला झब्बू धरत नाहीत, बहुतेक घरांत. चार ते सहा जणांत मजा येते. मुलांना यातून एक फार मोठी गोष्ट कळते ती म्हणजे मोठं पान नेहमीच चांगलं नसतं, एक्का हातात असणं म्हणजे संकटही असू शकतं, आणि कोणाकडे कोणता रंग संपलाय हे लक्षात ठेवावं लागतं. आमच्याकडे सात-आठ वर्षांची पोरं दोन शनिवारांत मोठ्यांना झब्बू द्यायला लागतात.

बदाम सात, म्हणजे सत्तीपासून दोन्ही बाजूंना रंगवार पानं लावत जायचा खेळ, सगळ्या वयांना चालतं आणि अकरा जण एकदम बसू शकतात, आठ जणांना पाच-पाच पानं आणि तिघांना चार-चार येतील, बिघडत नाही. त्यात एकच गोष्ट आधी ठरवा, लावता येणारं पान असताना पास म्हणता येतं का. येतं म्हटलं तर लोक सत्त्या दाबून बसतात आणि लहान मुलांची पानं अडकून ती रडकुंडीला येतात, येत नाही म्हटलं तर खेळ मोकळा वाहतो. तुमच्याकडे मुलं आहेत तेव्हा लावावंच लागेल असं ठेवा. चॅलेंज, म्हणजे पानं उपडी टाकून ती कोणती हे खरं-खोटं सांगायचा आणि खोटं पकडायचा खेळ, दोन कॅट घेऊन अकरा जणांत धमाल होतो, त्याला नियम समजावायला दोन मिनिटं पुरतात आणि ७६ वर्षांचे सासरे खोटं बोलताना किती शांत बसतात ते तुम्हाला पहिल्यांदा दिसेल.

आणि रात्री सगळे झोपल्यावर तिघंच जागे राहिले तर पाच-तीन-दोन. ३० पानं लागतात, अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत २८ आणि बदाम नि इस्पिकची सत्ती. दहा-दहा पानं, हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, बाकीच्यांनी तीन आणि दोन, बेरीज दहा, आणि जबाबदारी दर डावाला फिरते. ज्याने जास्त हात केले तो पुढच्या डावात कमी करणाऱ्याच्या हातातून तितकी पानं न बघता ओढतो आणि बदल्यात आपली नकोशी पानं देतो. या खेळाला मागच्या डावाची आठवण असते, कालचं कर्ज आज फेडावं लागतं, म्हणून हा तीन-चार डावांत सोडून देण्यासारखा खेळच नाही, बसलात की दोन वाजतात. फक्त दोघं असाल तर हीच ३० पानं घेऊन सात-आठ, एकाने सात हात करायचे आणि दुसऱ्याने आठ.

तीन पत्तीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण दिवाळी आहे म्हणजे कोणीतरी काढणारच. माझ्या अड्ड्यावर पैसे कधीच लावले जात नाहीत, चिंचोके लावतो, आणि मुलं बसलेली असताना पैसे लावू नयेत हे मी अगदी कळकळीने सांगते. नियमाच्या दृष्टीने मात्र हा खेळ बघण्यासारखा आहे. ५२ पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यात ट्रेल, म्हणजे एकाच दर्जाची तीन पानं, ५२ प्रकारे येते. एकाच रंगातली सिक्वेन्स, म्हणजे ओळीने तीन पानं, येते ४८ प्रकारे, एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२ आणि चार रंग. म्हणजे कलरमधली सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी ट्रेल वरचढ धरतात! जे दुर्मीळ ते मोठं असा हिशोब इथे नाही, रूढीने ठरलंय आणि सगळ्यांनी मानलंय एवढंच. जो कोणी तुमच्याकडे म्हणेल की खरा नियम गणिताने सिद्ध करता येतो त्याला हे उदाहरण द्या.

रूढी किती सुंदर असू शकते हे बघायचं असेल तर कधी सावंतवाडीला जाऊन गंजिफा बघा. तिथल्या राजवाड्यात आजही गोल पानं हाताने रंगवतात, २०२४ मध्ये त्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. दशावतारी गंजिफात १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघं खेळतात, चाळीस-चाळीस पानं, हुकूम नाहीच. पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दहा मोठा आणि एक सगळ्यात लहान, आणि उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं, एक मोठा आणि दहा सगळ्यात लहान. त्यात दिवसा खेळत असाल तर सुरुवात रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या. पहिल्यांदा खेळायला बसले तेव्हा तासभर माझं डोकं गरगरत होतं, आणि मग हळूहळू कळलं की उलट्या क्रमामुळे कोणतंच पान कायमचं फालतू राहत नाही, डोळे मिटून टाकता येत नाही. १२० पानांमधली कोणती गेली हे लक्षात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचं फार अप्रूप वाटतं.

आता पट आणि फाशांचे खेळ. सोंगट्यांचा सारीपाट घरात असेल तर काढाच. फुलीच्या आकाराचा कापडी पट, प्रत्येक पट्ट्यात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, चार पट्ट्यांत मिळून ९६ घरं. वेरूळच्या २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात आणि २९ नंबरच्या धुमार लेण्यात शंकर-पार्वती फासे खेळताना कोरलेत, आणि जेजुरीच्या खंडोबाची गोष्ट तर आजीकडून ऐकलेली असते, म्हाळसेशी सारीपाट हरला आणि बारा वर्षं बाणाईकडे मेंढरं राखायला गेला. १८९६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेला लुडो याच पटाचं सोपं केलेलं रूप आहे. पण सारीपाटाला वेळ लागतो, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्यांना जोडीचे नियम जड जातात, म्हणून दिवाळीच्या गडबडीत मी सुचवेन अष्टचंगा, ज्याला कोणी चल्लस-आठ म्हणतं, कर्नाटकात चौकाबारा म्हणतात.

खडूने फरशीवर पाच बाय पाचचा चौकोन काढा. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात फुली आणि बरोबर मध्यावर एक फुली, पाच फुल्या, तिथे सोंगटी मरत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, बाहेरच्या १६ घरांतून एका दिशेने जायचं, मग आतल्या आठ घरांतून उलट्या दिशेने, मग मध्यात. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडल्या तितकी घरं, चारही उताण्या म्हणजे चंगा, चार घरं, आणि चारही पालथ्या म्हणजे अष्ट, आठ घरं. चार किंवा आठ पडले की परत टाकायचं. कवड्या नसतील तर चिंचोके दगडावर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासा, आम्ही लहानपणी तेच करायचो आणि ते घासण्यातच अर्धी दुपार जायची.

यातही वादाचे दोन नियम आहेत. पहिला, सोंगटी पटावर आणायला चार किंवा आठच पडायला हवेत का. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं तर चार उताण्या पडायची शक्यता १६ त एक आणि चार पालथ्या पडायचीही १६ त एक, म्हणजे आठ वेळा टाकल्यावर सरासरी एकदा. चौघांच्या खेळात एखादी मुलगी पंधरा-वीस मिनिटं नुसती कवड्या टाकत बसेल, तिला पुढच्या वेळी बोलावलं तरी येणार नाही. पहिली सोंगटी सगळ्यांची पटावरच ठेवून सुरुवात करा आणि उरलेल्या तीन चार-आठावर आणा, म्हणजे चार-आठाची वाट बघण्यातली गंमतही राहते. दुसरा नियम, कोणाची तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. हा मुलांना क्रूर वाटतो, माझी वही सांगते की निम्म्या घरांनी तो सोडून दिलाय, पण मी ठेवा म्हणेन. तो नसला की प्रत्येक जण फुलीवरून फुलीवर जपून जात राहतो, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही, आणि पट असूनही नुसती शर्यत होते. तो असला की मागे राहिलेल्यालाही आशा असते कारण पुढच्याला मारायला थांबावंच लागतं. वेळेचा अंदाज घ्या, एका सोंगटीला मध्यापर्यंत २४ घरं, चार सोंगट्यांना ९६, आणि एका टाकण्याची सरासरी अडीच घरं, जास्तीच्या पाळ्या धरूनही प्रत्येकाला चौतीसेक पाळ्या लागतातच, मारामारीचं वेगळं. म्हणजे जेवणाच्या आधी सुरू करू नका.

आणि तुमच्या भावासाठीही हाच खेळ. पत्त्यांत त्याची पानं कोणीतरी धरायला लागतात, ते धरणाऱ्याला दिसतात, सगळा विचका होतो. अष्टचंगात लपवायचं काहीच नाही. इथे पट एकच ठेवा, फोन वरून पटाकडे बघेल असा कशाला तरी टेकवून बांधा, त्याच्या सोंगट्या पुतणी हलवेल आणि तो तिकडे स्वतः टाकेल. त्याच्याकडे कवड्या नसतील तर चार नाणी, छापा म्हणजे उताणी. फक्त मग इकडेही सगळ्यांनी नाणीच वापरा, कारण कवडी दोन्ही बाजूंनी सारखी पडत नाही, तिच्या पाठीच्या फुगीरपणावर आणि तुम्ही फरशीवर टाकता की सतरंजीवर त्याच्यावर ते ठरतं, आणि एकाकडे नाणी नि दुसऱ्याकडे कवड्या असल्या की चार-आठ पडण्याचं प्रमाण दोघांचं वेगळं होतं. वेळ सकाळी फराळाच्या सुमाराची ठेवा, त्याची आदल्या दिवशीची रात्र असेल, जेवून निवांत झालेला असेल.